रेव्ह बदलली म्हणून कोडही बदलायचा का?

पत्र थोडक्यात असं. गोव्यातल्या कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात स्टोअर आणि प्लॅनिंग बघणाऱ्या मुलीने लिहिलंय. औषधं पॅक करायच्या मशीनींना लागणारे स्टीलचे पार्ट आणि छोट्या असेंब्ली तिथे होतात. गेल्या वर्षी टॅली-एक्सेलच्या जोडीला इन्व्हेंटरीचं नवं सॉफ्टवेअर आलं. गिऱ्हाइकांकडून ड्रॉइंगं सारखी बदलून येतात, दर बदलाला नवी रेव्ह, म्हणजे रिव्हिजन, ए, बी, सी अशी. मालक म्हणतात पार्टचा कोड एकच राहू दे, रेव्ह ही कागदावरची गोष्ट. डिझाइन बघणारा त्यांचा भाचा म्हणतो प्रत्येक रेव्हला वेगळा कोड, मागे डॅश ए, डॅश बी लावून. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस म्हणतो तुम्ही ठरवा, मी तसं करून देतो. सध्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या मूळ यादीत, रेव्हचा एक रकाना आहे, बस. मध्यंतरी एका सेन्सर ब्रॅकेटचे रेव्ह बी आणि रेव्ह सी चे नग मिसळून डिस्पॅचला गेले, वेर्ण्याच्या गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला, आणि मालकांनी शॉप फ्लोअरवर सगळ्यांसमोर हिलाच झापलं. आता परत आलेले धरून बिनमध्ये (रॅकवरच्या खोक्यात) २१२ नग आहेत, सिस्टिम म्हणते सगळे सी. वर एका हॉपरचं (माल ओतायच्या नरसाळ्याचं) मटेरियल एसएस ३०४ वरून ३१६एल, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या एका प्रकारावरून दुसऱ्यावर, झालंय, तो घोळ पुढे उभाच आहे. ती विचारते, "काका, चवथीला कारखाना बंद असतो तेव्हा एकटीनेच बसून सगळ्या आयटमना रेव्हसकट नवे कोड देऊन टाकू का? की सरळ दुसरीकडे नोकरी बघू?"

बाय,

आधी हे सांगतो की चवथीला घरी जा. माटोळी बांध, नेवऱ्या तळ, आणि ते कोडचं काम सुट्टीत एकटीने अजिबात करू नकोस, का ते पुढे सांगतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू, मालक आणि भाचा, तिघांची उत्तरं वेगळी असली तरी तिघेही एकच धरून चाललाय, की कोडची पद्धत एकदा बरोबर बसली की घोळ मिटला. मला तसं वाटत नाही. कारण सॉफ्टवेअरला ड्रॉइंग दिसत नाही, भोक कुठे पाडलंय ते त्याला कळत नाही, त्याला एवढंच माहीत असतं की एका कोडखाली जे काही पडलंय ते सगळं सारखं, त्यातला कुठलाही नग उचला, चालेल. म्हणून तर ते बेरीज करतं ना. उकड्या तांदळाच्या डब्यात सुरय, म्हणजे कच्चा तांदूळ, ओतला तर वजन बरोबर भरतं, पण शिजवायला घेतल्यावर कळतं काय झालंय ते. तुझे २१२ नग तसेच आहेत. आकडा खरा आहे, फक्त तो कशाचा आकडा आहे ते कोणालाच माहीत नाही.

तेव्हा कोड एक की दोन हे ठरवायचं तर प्रश्न असा विचारायचा: जुन्या आणि नव्या रेव्हचे नग एकाच बिनमध्ये टाकले आणि कुठल्याही पोराने न बघता कुठलाही उचलला, तर चालेल का? नव्या मशीनला, जुन्या मशीनला, स्पेअर म्हणून, सगळीकडे? चालत असेल तर कोड तोच, फक्त रेव्ह पुढे सरकवायची. कुठेतरी एका ठिकाणी जरी अडत असेल तर नवा कोड. जगभर याला फॉर्म, फिट, फंक्शन म्हणतात, आकार तोच का, बसतो का, काम तेच करतो का. पण मला बिनवाला प्रश्न जास्त आवडतो कारण तो स्टोअरमधल्या कोणालाही समजतो.

आता हा प्रश्न तुझ्याच वस्तूंना लावून बघ. ब्रॅकेटच्या ड्रॉइंगमध्ये टायटल ब्लॉकातलं स्पेलिंग सुधारलं, किंवा "कडा घासून घ्याव्यात" अशी तुम्ही आधीपासून करतच होता ती गोष्ट नोट म्हणून लिहिली, म्हणून रेव्ह ए ची बी झाली. नग तेच. इथे नवा कोड देणं म्हणजे उगाच व्याप. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सैल केला तरी जुने नग चालतात. टॉलरन्स घट्ट केला तर मात्र थांबायचं, जुन्यातले काही बसतील काही नाही, ते मोजल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, म्हणून मोजेपर्यंत बाजूला ठेवायचे आणि मोजून पास झाले तेवढेच बिनमध्ये.

तुझ्या पत्रावरून मला कळलं ते असं की बी वरून सी होताना ब्रॅकेटच्या दोन भोकांमधलं अंतर बदललं. मग वाद कसला? बी चं ब्रॅकेट सी च्या जागी लागतच नाही, हा दुसरा पार्ट आहे, त्याला दुसरा कोड हवा होता आणि तो ड्रॉइंग बदललं त्याच दिवशी द्यायला हवा होता. इथे भाच्याचं बरोबर होतं. समजा भोकाच्या जागी लांबट खाच केली असती, म्हणजे नवं ब्रॅकेट जुन्या मशीनलाही बसतं नव्यालाही, पण जुनं नव्याला बसत नाही, तर? तरी नवा कोडच, कारण न बघता उचलता येत नाही. फक्त सॉफ्टवेअरमध्ये नोंद करायची की जुन्याच्या जागी नवं चालतं. ईआरपीनेक्स्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयटम अल्टरनेटिव्ह म्हणून सोय आहे, त्यात दोन्ही बाजूंनी चालतं की एकाच बाजूने हेही विचारतात. त्या टिकमार्ककडे लक्ष द्यायचं, घाईत दोन्ही बाजूंनी करून बसतात लोक आणि मग पिकिंगच्या वेळी जुना माल नव्या ऑर्डरला सुचवला जातो.

हॉपरचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ३०४ चा हॉपर आणि ३१६एल चा हॉपर शेजारी ठेवले तर दिसायला एक, माप एक, वजनही जवळपास एक. मालक म्हणणार बसतो ना, मग झालं. पण हा औषधाला लागणारा भाग आहे. गिऱ्हाईक मटेरियलचं सर्टिफिकेट मागणार, त्यांच्याकडे चेंज कंट्रोलचे कागद असणार, आणि ऑडिटमध्ये ३१६एल लिहिलेल्या जागी ३०४ निघालं तर तुमचं नाव त्यांच्या यादीतून जाणार. फरक आहे तो मॉलिब्डेनमचा, ३१६एल मध्ये साधारण २ ते ३ टक्के असतं, ३०४ मध्ये ते मुद्दाम घातलेलं नसतं, आणि क्लोराइडपुढे टिकायला तेच कामी येतं. हे डोळ्याने कळत नाही. चुंबकानेही कळत नाही, बरेच जण चुंबक लावून बघतात पण दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत, आणि बेंड मारलेल्या जागी ३०४ थोडं चिकटलं तर उलटच गोंधळ. म्हणून हॉपरला नवा कोड आणि नगावरच हीट नंबर (ते स्टील कुठल्या ओतणीतलं त्याचा नंबर) कोरलेला, याला पर्याय नाही. कागदी स्टिकरवर विसंबू नकोस, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कुठला स्टिकर जागेवर राहतो?

कोड न बदलल्याने काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण हवं असेल तर मालकांना जनरल मोटर्सचं सांग. त्यांच्या काही गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये दोष होता, चालत्या गाडीत चावी फिरून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. २००६ मध्ये स्विचच्या आतला एक भाग बदलून तो दुरुस्त करण्यात आला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. मग पुढे कंपनीचेच तपास करणारे लोक चक्रावले की अमुक वर्षानंतरच्या गाड्यांत हा त्रास का दिसत नाही, कागदावर तर स्विच तोच आहे. जॉर्जिया राज्यातल्या एका अपघाताच्या खटल्यात वकिलाच्या तज्ज्ञाने जुना स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच उघडून शेजारी ठेवले तेव्हा फरक उघडा पडला. २०१४ मध्ये साधारण २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि नुकसानभरपाईच्या फंडाने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. दोष आधीचा होता हे खरं, पण नंबर बदलला असता तर तो इतकी वर्षं लपून राहिला नसता. आपलं सेन्सरचं ब्रॅकेट म्हणजे इग्निशन स्विच नव्हे, मान्य, तरी रेव्ह ही कागदावरची गोष्ट म्हणणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

म्हणून भाचा म्हणतो तसं सरसकट करायचं का? नाही. त्याची किंमत तुला भरावी लागणार, त्याला नाही. प्रत्येक नव्या कोडबरोबर बीओएम (एका वस्तूला काय काय किती लागतं ती यादी) बदलतात, पीओचे, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचे, रेट परत भरावे लागतात, री-ऑर्डर लेव्हल शून्यापासून, आणि महिन्याला किती लागतात हा जुना हिशोब तुकड्या-तुकड्यांत फुटतो. ईआरपीनेक्स्टमध्ये एकदा सबमिट केलेला बीओएम तसा दुरुस्त करता येत नाही, नवा करून जुन्याच्या जागी सगळीकडे बदलावा लागतो, त्यासाठी वेगळं टूल दिलंय, पण ते चालवणार कोण, तूच. दोन वर्षांत एकाच ब्रॅकेटचे पाच कोड, त्यातले तीन मेलेले पण यादीत दिसणारे, आणि परचेसवाला घाईत पहिला दिसेल तो निवडणार. डॅश ए, डॅश बी कोडमध्येच घुसवलं की स्पेलिंग सुधारलं तरी कोड बदलायलाच लागतो, तिथे विचार करायची जागाच उरत नाही. कोड आखूड आणि मुका ठेवावा, त्यात मटेरियल, साइज, गिऱ्हाईक, रेव्ह असलं काही कोंबू नये, ही सगळी माहिती रकान्यांत राहू दे. आणि रेव्हसाठी अक्षरं वापरताय तर आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं सोडून द्या, अमेरिकेतल्या ड्रॉइंगच्या स्टँडर्डमध्ये ती वापरतच नाहीत. ओ आणि शून्य, आय आणि एक यांची भांडणं तेवढीच कमी.

आता मुख्य गोम. आयटम मास्टरमधला तो रेव्हचा रकाना. तुम्हाला वाटलं तो आहे म्हणजे रेव्ह सांभाळली जातेय. तो रकाना फक्त एवढंच सांगतो की आज चालू ड्रॉइंग कुठलं. ज्या दिवशी तू बी पुसून सी लिहिलंस त्या दिवशी रॅकवरचे जुने सगळे नग सिस्टिममध्ये बसल्या जागी सी झाले, त्यांना कोणी हातही लावला नाही. सिस्टिम सी म्हणते ती यामुळे. हा तुझा दोष नाही, तो रकाना त्या कामासाठी नाहीच आहे.

रॅकवरच्या नगाची रेव्ह नगाबरोबरच फिरली पाहिजे, आणि त्यासाठी बॅच असते, म्हणजे एका वेळी आत आलेल्या नगांचा नाव दिलेला गट. माल आत घेताना, जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) करताना किंवा शॉप फ्लोअरवरून स्टोअरला जमा होताना, बॅच बनवायची आणि बॅचच्या नावात किंवा रकान्यात रेव्ह लिहायची. मग कोड एक असला तरी खाली दिसतं की बी चे इतके, सी चे इतके, आणि अमुक गिऱ्हाइकाला कुठल्या बॅचमधून गेले हेही नंतर सापडतं. म्हणजे बिनच्या प्रश्नाला "हो चालेल" उत्तर आलं तरी बॅच ठेवावी, उद्या कळलं की चालत नव्हतं तर निदान शोधता येईल. सगळ्या आयटमना लावू नकोस, बोल्ट-वॉशरला बॅच लावलीस तर स्टोअरची पोरं तुला शिव्या देतील. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर बनणारे आणि औषधाला लागणारे, एवढ्यांनाच.

इथे एक खोच आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या आयटमचे व्यवहार एकदा सुरू झाले की मागून बॅच चालू करू देत नाहीत, ईआरपीनेक्स्टमध्ये तरी हे असंच आहे. म्हणजे ज्या पार्टना बॅच हवी त्यांना एकदा नवा कोड द्यावाच लागेल, जुन्यातला स्टॉक नव्यात घ्यायचा, जुना शून्य झाला की बंद करायचा. डिलीट नाही हं, बंद. तेव्हा तू म्हणतेस ते कोड बदलायचं काम थोडंफार आहेच, फक्त सगळ्या आयटमचं नाही आणि कारणही वेगळं.

आणखी एक, तुझ्या पत्रात दोन रेव्ह एकमेकांत मिसळल्यात असं मला वाटतं. गिऱ्हाइकाची रेव्ह वेगळी आणि तुमची वेगळी. गिऱ्हाईक म्हणतं रेव्ह ४, तुम्ही त्यावरून आपलं शॉप ड्रॉइंग करता ती रेव्ह सी, मग तुमच्या फिक्श्चरसाठी (नग धरून ठेवायच्या साधनासाठी) काहीतरी बदलता ती डी, त्यांची ४ च. दोन रकाने ठेव. सेल्स ऑर्डरच्या प्रत्येक ओळीवर गिऱ्हाइकाच्या पीओत लिहिलेली रेव्ह टाकायची, आणि ती तुमच्याकडच्या ड्रॉइंगशी जुळत नसेल तर ऑर्डर प्लॅनिंगला घ्यायचीच नाही, मेल करून विचारायचं. तसंच तुम्ही बाहेर लेझर कटिंगला पीओ देता त्यावरही रेव्ह आली पाहिजे, आणि त्याच्या चलनावर ती लिहिलेली नसेल तर गेटवरच माल थांबवायचा. व्हॉट्सअॅपवर जुनी पीडीएफ पडलेली असते ना लेझरवाल्याकडे, तो तीच कापतो, त्याचं तरी काय चुकलं.

हे सगळं ठरवणार कोण? तू नाही. हीच गोष्ट मला मालकांपर्यंत पोचायला हवीय. बिनमध्ये चालेल की नाही हे उत्तर द्यायचं काम ज्याने ड्रॉइंग बदललं त्याचं, म्हणजे भाच्याचं. तुझं काम आहे उत्तराशिवाय नवी रेव्ह स्टोअरमध्ये न घेणं. त्यासाठी मोठी सिस्टिम नको, एक पानाची चिठ्ठी पुरे. काय बदललं, का बदललं, जुनं-नवं एका बिनमध्ये चालतं का हो-नाही, कधीपासून लागू, आणि सही. कधीपासून हे नुसत्या तारखेने लिहू नये, कुठल्या ऑर्डरपासून किंवा कुठल्या मशीन नंबरपासून असं लिहावं, कारण तारीख लिहिली की त्या दिवशी अर्धवट असलेल्या जॉबचं काय हा प्रश्न परत तुझ्याच टेबलावर येतो.

आणि चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग जुन्या मालासाठी. तिथे लोक फक्त रॅकवरचा माल लिहितात आणि फसतात. रॅकवर किती, शॉप फ्लोअरवर अर्धवट किती, बाहेर बफिंगला किंवा इलेक्ट्रोपॉलिशला गेलेले किती, पीओ दिलाय पण यायचे किती, आणि गिऱ्हाइकाकडे पोचलेले किती, या पाचही जागा लिहायच्या आणि प्रत्येकापुढे निर्णय: वापरून संपवा, रिवर्क करा, परत पाठवा, स्पेअरसाठी ठेवा, की स्क्रॅप. जॉबवर्कला गेलेला माल जास्त विसरला जातो. जीएसटीच्या कायद्यात तो वर्षाच्या आत परत यायला लागतो, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं, म्हणजे जुन्या रेव्हचा माल "राहू दे तिकडेच" म्हणून बफिंगवाल्याकडे टाकून ठेवता येत नाही. आणि स्क्रॅप लिहायची घाई नको. औषध कंपन्या मशीन वर्षानुवर्षं चालवतात, जुन्या मशीनला बी चंच ब्रॅकेट लागणार, थोडे स्पेअर म्हणून जुन्या कोडखाली राहू देत. खरोखर निरुपयोगी माल पुस्तकातून काढायचा असेल तर सीएला विचारूनच, लिहून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं.

मालक म्हणतील हा नवा कागद कशाला. भिंतीवर आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट टांगलेलं असेल तर त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत ८.५.६ या कलमात हेच मागितलंय, बदल तपासला का, मंजूर कोणी केला, पुढे काय केलं, याची नोंद ठेवा. पुढच्या ऑडिटला ही चिठ्ठीच दाखवता येईल.

आता २१२ नगांचं. सिस्टिमला हात लावण्याआधी माल हलव. होल्ड नावाचं वेगळं वेअरहाउस सॉफ्टवेअरमध्ये उघड, सगळे २१२ तिकडे ट्रान्सफर कर आणि खरोखरच उचलून लाल क्रेटमध्ये ठेव, म्हणजे निदान आज कोणी त्यातले पाठवणार नाही. मग क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या, माणसाला सांगून दोन पिनांचा एक साधा गेज करून घे, सी च्या अंतरावर दोन पिना, बसलं तर सी, नाही बसलं तर बी. टेपने मोजत बसू नका, दोनशे नग मोजता मोजता डोळे फिरतात. अडकत-अडकत बसणाऱ्यांचा तिसरा ढीग होईल, ना धड बी ना धड सी, तो क्यूसीचा. मोजणी झाली की कागदावर तू, क्यूसी आणि भाचा तिघांच्या सह्या, मग बी जुन्या कोडमध्ये, सी नव्या कोडमध्ये बॅच लावून. हॉपरसाठी गेज चालणार नाही. ज्यांचा हीट नंबर वाचता येतो ते सर्टिफिकेटशी जुळवा, उरलेल्यांना मॉलिब्डेनमचं टेस्ट किट मिळतं, थेंब टाकून बघायचं, किंवा एक्सआरएफ गनवाल्याला (धातूत काय काय आहे ते दाखवणारं यंत्र असलेल्याला) बोलवून एका दिवसात सगळे तपासून घ्या. तपासाशिवाय ज्याचं काहीच सांगता येत नाही तो ३०४ च समजायचा.

आता कळलं असेल चवथीला नको का म्हणालो. तुझ्याबरोबर ना क्यूसी असणार ना भाचा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तूच अंदाज करणार, आणि सुट्टीवरून लोक परत आल्यावर सगळे कोड बदललेले, बीओएम अडकलेले, आणि तुझं एकटीचं नाव लॉगमध्ये. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग बंधनकारक आहे, कोणी कधी काय बदललं ते राहतं. स्टॉकचे आकडे हिशोबाला जोडलेले असतात, तिथे सगळ्यांसमोर केलेलं ॲडजस्टमेंट आणि सुट्टीत गुपचूप केलेलं ॲडजस्टमेंट यांचा आकडा एकच असला तरी ऑडिटर दुसऱ्यावर जास्त प्रश्न विचारतो. बंद कारखान्याचा एखादा दिवस मोजणीला हवाच असेल तर रविवार माग, तिघांसाठी, ओव्हरटाइमसकट.

मालकांशी बोलताना कोड, बॅच, फॉर्म-फिट यातलं काही काढू नकोस. परत आलेल्या लॉटचा हिशोब एका कागदावर मांड: टेम्पोचं भाडं येण्या-जाण्याचं, परत बनवलेल्या नगांचं स्टील, बफिंग, ओव्हरटाइम, थांबलेलं पेमेंट. खाली एकच ओळ, ही चिठ्ठी असती तर हे पैसे गेले नसते. भाच्याचं नाव कुठेही नको, मामासमोर भाच्याला चूक ठरवायला गेलीस तर मुद्दा बाजूला राहील. उलट आधी भाच्याकडे जा, त्याला सांग की ब्रॅकेटच्या बाबतीत तुझं बरोबर होतं, नवा कोडच हवा होता. ते खरंच आहे. मग विचार, हॉपरला काय करायचं ते तू लिहून देशील का. माणूस एकदा स्वतःच्या हाताने "चालत नाही" लिहून सही करायला लागला की प्रत्येक स्पेलिंगसाठी नवा कोड मागत नाही.

नोकरीचं म्हणशील तर सगळ्यांसमोर झापलं ते वाईटच झालं, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण वेर्णा असो, मडकई असो, तुये असो, जिथे जाशील तिथे ड्रॉइंग बदलणार आणि तिथलं रॅकही भरलेलं असणार. मी तुझ्या जागी असतो तर चिठ्ठी सुरू करून पुढचे तीन-चार बदल त्यातून जाऊ दिले असते. त्यानंतरही सही द्यायला कोणी तयार नाही आणि बोलणी मात्र स्टोअरला, असंच चाललं तर बायोडाटा बाहेर काढ, आणि इंटरव्ह्यूला त्यांनाच विचार की तुमच्याकडे जुन्या रेव्हच्या मालाचं काय करायचं ते कोण ठरवतं.

जे अजून नुसत्या टॅलीवर आहेत त्यांनी हे मोठ्या सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणून सोडून देऊ नये. टॅलीत बॅच चालू करता येते, बॅचच्या नावात रेव्ह लिहा. गोडाऊन वेगळी करता येतात, एक होल्डचं उघडा. स्टॉक आयटमला पार्ट नंबर आणि एलियसची सोय आहे, गिऱ्हाइकाचा नंबर तिथे जाईल. चिठ्ठी फाइलला लावा. एक्सेलवर असाल तर रेव्हचा रकाना आयटमच्या यादीत घालू नका, आवक-जावकच्या प्रत्येक ओळीत घाला.